पायरीचं इतिवृत्त

थ्रॉपडेल गावच्या हॉलमध्ये मोठ्या दालनातून स्वयंपाकघरात उतरताना एक पायरी लागते. चार बोटं उंचीची. ती दिसत नाही, कारण वर आणि खाली एकाच तपकिरी रंगाची फरशी आहे. मी जन्मले याच गावात, बावीस वर्षं हॉलच्या समितीची सचिव होते, आणि त्या पायरीला एकदाही अडखळला नाही असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. दोन पाद्री अडखळले. लग्नाचा एक तीनमजली केक अडखळला. एका निवडणुकीत खासदारसाहेब अडखळले आणि उठून म्हणाले, की असा जुना ठेवा गावानं जपायला हवा. आम्ही जपला.

दुसऱ्या कुठल्या गावानं ती पायरी काढून टाकली असती. आम्ही तिच्यासाठी माणूस नेमला. दर बुधवारी हॉलमध्ये म्हाताऱ्या मंडळींचं दुपारचं जेवण असतं, तेव्हा मॅज बूथ त्या दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "पायरी सांभाळा." मॅजच्या आधी तिची आई सांगायची. मॅजचा आवाज असा, की बाहेर रस्त्यावरून चाललेला माणूसही नकळत पाय उचलतो. या सेवेबद्दल नाताळात तिला समितीतर्फे शेरी वाइनची बाटली मिळते, आणि दरवर्षी ती चकित झाल्याचं नाटक करते.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी मॅजनं दाढ काढून घेतली. जबडा बधिर, तोंडात कापूस. दुसरी घरी पडून राहिली असती, पण मॅज कर्तव्याला चुकणारी नाही. ती आली, दारात उभी राहिली आणि बोलता येत नाही म्हणून पायरीकडे बोट दाखवत राहिली. थोरा गार्साइड स्वयंपाकघरातून कस्टर्डचे तीन वाडगे घेऊन निघाली. हातात गरम वाडगे धरलेला माणूस कस्टर्डकडे बघतो, कुणाच्या बोटाकडे बघत नाही. थोराचा बूट पायरीच्या कडेला लागला आणि ती उजव्या खांद्यावर आपटली. तो आवाज चाळीस माणसांनी ऐकला.

थोरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी धावत गेले तर ती फरशीवर पांढरीफटक पडली होती आणि म्हणत होती, "सॉरी हं, तुमच्या सगळ्यांच्या पुडिंगचा घोळ केला मी." मग मॅजला सॉरी म्हणाली, तिचा पायमोजा भिजवला म्हणून. रुग्णवाहिकेतल्या माणसांना सॉरी म्हणाली, आपलं वजन जास्त आहे म्हणून. आमच्याकडे हे असंच. दिव्याच्या खांबावर आपटलेला माणूस आधी खांबाची माफी मागतो, मग कपाळ चोळतो.

मी सचिव. अपघाताच्या वहीत नोंद करणं माझं काम, आणि माझी नोंद म्हणजे नोंद, त्यात काही सुटायचं नाही. वेळ लिहिली, वाडगे किती ते लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, "मिस गार्साइड यांनी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली." माझं अक्षर फार सुरेख आहे.

खांदा तीन ठिकाणी मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सत्तरीच्या पुढे असा खांदा जोडला जातो पण पूर्वीसारखा उचलत नाही. हे थोरानं स्वतःपुरतं गिळलं असतं. पण घरी सिरिल होता. सिरिल तिचा धाकटा भाऊ, तिशीत दोन्ही डोळे गेलेला, आणि तीन वर्षांपूर्वी पक्षाघातानं डावी बाजूही अर्धी गेलेली. त्याला सकाळी पलंगावरून उठवायचं, दाढी करायची, खुर्चीत बसवायचं, रात्री परत निजवायचं, हे सगळं थोराच्या उजव्या हातावर चाललं होतं. घरात भिंतीला हात लावून तो कुठंही जायचा. चाळीस वर्षं त्याच घरात, कुठल्या खिळ्याला कुठली टोपी आहे हेही त्याला माहीत. सरकारी बाई आली, तिनं अर्ज भरला आणि सांगितलं, की उचलायला रोज दोन वेळा स्वखर्चानं माणूस ठेवणार असाल तर तो इथं राहील, नाहीतर त्याला वृद्धाश्रमात हलवावं लागेल. खात्याकडून मिळतील ती पंधरा मिनिटं, तीही माणूस उपलब्ध असेल त्या दिवशी. जागा मिळाली ती समुद्रकाठच्या एका गावी, गाडीनं दीड तासावर. थोरानं त्याची बॅग डाव्या हातानं भरली.

तिची भाची लीड्सला असते. ती थेट एका वकीलबाईंकडे गेली. सफिया मलिक, बुटक्या, चष्मेवाल्या, बोलायला थंड. त्यांचं पत्र समितीला आलं: हॉलच्या निष्काळजीपणामुळे मिस गार्साइड जखमी झाल्या, तरी त्यांच्या भावाची घरी देखभाल होईल इतकी भरपाई द्यावी. आमच्या समितीची पाचावर धारण बसली. अध्यक्ष क्लिफर्ड हॅलिवेल, निवृत्त पशुवैद्य, गावातल्या निम्म्या गाई त्यांच्या हातून जगात आलेल्या. त्यांनी विमा कंपनीला फोन केला, आणि कंपनीनं पहिला हुकूम सोडला: कुणीही चूक कबूल होईल असा एक शब्द तोंडातून किंवा लेखणीतून काढायचा नाही.

आता पंचाईत अशी, की आम्ही त्याच आठवड्यात थोराला कार्ड पाठवणार होतो. कार्डासाठी खास बैठक बसली. "तुझ्या पडण्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं" हे क्लिफर्डनी खोडलं, वाईट वाटणं म्हणजे कबुली. "लवकर बरी हो" हेही नको, कारण ती आजारी आहे हे आपण का मान्य करायचं. मॅजनं सुचवलं, "तुझी आठवण येते." त्यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण आठवण येते म्हणजे ती येऊ शकत नाही, आणि ती का येऊ शकत नाही हा प्रश्न निघतो. अखेर कार्डावर एक रॉबिन पक्षी आणि आत आठ सह्या गेल्या. मजकूर कोरा. सोबत मॅजनं लिंबाचा केक दिला, तोही कंपनीला विचारून.

नव्या वर्षात कंपनीचं उत्तर आलं. मी ते चार वेळा वाचलं, कारण त्यातला कुठलाच शब्द खोटा नव्हता. मिस गार्साइड त्या हॉलमध्ये पन्नास वर्षं येतात, त्यांना पायरी माहीत होती. त्या दिवशी दारात खास नेमलेली व्यक्ती सूचना देत होती. त्यांनी झेपतील त्याहून जास्त वाडगे उचलले. आणि घटनेनंतर लगेच त्यांनी स्वतः माफी मागितल्याची नोंद सचिवांच्या हस्ताक्षरात आहे. सबब समितीकडे कसलीही जबाबदारी येत नाही. माझं हस्ताक्षर त्यांनी झेरॉक्स काढून जोडलं होतं.

मला भयंकर राग आला. कंपनीचा आला, क्लिफर्डचा आला, आणि तितकाच थोराचा आला, की मेली पडल्यापडल्या गप्प का बसली नाही.

मलिकबाई मात्र हलल्या नाहीत. त्या हॉल बघायला आल्या, स्वतः पायरीला अडखळल्या, सावरल्या आणि वहीत काहीतरी टिपलं. मी किल्ल्या घेऊन बरोबर होते. मी म्हटलं, आमच्याकडे प्रत्येकाला सांगायची पद्धत आहे.

"तुम्ही माणसाला दारात बोलावता," त्या म्हणाल्या, "तर तो धड परत जाईल एवढं बघणं तुमचं काम आहे. 'सांभाळा' म्हटल्यानं ते काम त्याच्या गळ्यात पडत नाही. पायरी धोक्याची आहे हे समितीला कधीपासून माहीत होतं, एवढंच मला हवंय. इतिवृत्तं आहेत ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, शोधावी लागतील. ती माझ्या माळ्यावर, वर्षवार, दोऱ्यानं बांधून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी क्लिफर्ड माझ्याकडे आले. त्यांनी चहा घेतला, माझ्या छपराची चौकशी केली, आणि माळ्यावर ओल येते का असं विचारलं. येत नाही, मी म्हटलं. जुन्या घरांत यायला लागते, ते म्हणाले, कागद किती लवकर जातो. त्यांचा आवाज गाभण गाईजवळ उभं राहिल्यासारखा मऊ होता.

"अहो क्लिफर्ड, सरळ बोला ना. वह्या जाळू का?"

"तसं कोण म्हणतंय, विनी? हॉल गेला तर बुधवारचं जेवण गेलं, एवढंच म्हणतोय. विम्याचा हप्ता वाढला तर आपल्याला दार लावावं लागेल. चाळीस माणसं घरी बसून डबा खातील. आणि," त्यांनी कप खाली ठेवला, "त्या वह्यांत तुझंही नाव आहे. जरा वाचून बघ आधी."

ते गेल्यावर मी माळ्यावर चढले. बावीस वर्षांच्या बावीस वह्या. दर जानेवारीत विषय क्रमांक सात: पायरी. कधी कुणी पांढरा पट्टा मारायचं सुचवलं, तर तो घसरेल म्हणून नाही. कधी कठडा सुचवला, तर रंग कोणता यावर मतभेद. दर वर्षी शेवटचं वाक्य तेच: विषय पुढच्या सभेपर्यंत ठेवावा, तोवर 'पायरी सांभाळा' म्हणणं चालू ठेवावं. बावीस वर्षांचं भिजत घोंगडं, आणि सगळं माझ्या सुरेख अक्षरात. वाचता वाचता मी हसले, खरं सांगायचं तर. काय मूर्खांचा बाजार, असं मनात म्हटलं. मग अकराव्या वर्षाची वही उघडली आणि हसू गेलं.

त्या वर्षी हॅरल्ड मॉक्सन सुतारानं वार्षिक सभेत उभं राहून सांगितलं होतं, की पायरी काढून तिथं उतार करून देतो, लाकूड माझं, मजुरी नको. खाली लिहिलं होतं: सचिवांनी सूचना मांडली की हा विषय पुढच्या सभेपर्यंत ठेवावा. बहुमतानं मंजूर. सचिव म्हणजे मी. पुढच्या सभेपर्यंत हॅरल्ड वारला.

मी तशी सूचना का मांडली हे वहीत नाही, पण मला पक्कं आठवतं. हॅरल्डची मेलेली बायको मुरंबे करायची, आणि तिच्या पश्चात हा सुतारडा तिची कृती काढून दर उन्हाळ्यात रूबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा गावच्या प्रदर्शनात ठेवायचा. लागोपाठ पाच वर्षं त्यानं माझ्या नाकावर टिच्चून पहिलं बक्षीस नेलं. माझा मुरंबा पाचही वर्षं दुसरा. त्या सभेत त्यानं उतार फुकट द्यायचं म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढे पितळी पाटी आली, 'हॅरल्ड मॉक्सन यांच्या सौजन्यानं', आणि दर बुधवारी ती पाटी ओलांडून बशा नेणारी मी. म्हणून मी म्हटलं, विषय पुढे ठेवू या. म्हटलं आणि लिहिलंही.

वह्या मी परत बांधल्या आणि पाच आठवडे तशाच ठेवल्या. मलिकबाईंना कळवलं की शोध चालू आहे. समितीतल्या सगळ्यांना नावं ठेवत मी बावीस वर्षं काढली होती. आता कळलं, की त्यांच्यात सर्वांत वाईट कारण माझ्याकडे होतं. बाकीचे निदान आळशी होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस थोराच्या भाचीच्या गाडीतून मी सिरिलला भेटायला गेले. थोराला खांद्याचा व्यायाम होता, ती आली नाही. आश्रम स्वच्छ होता, उबदार होता, सगळीकडे लव्हेंडरचा वास. सिरिल खिडकीशी खुर्चीत बसला होता, दाढी एका गालाची नीट, दुसऱ्या गालाची राहून गेलेली. मी आवाज दिल्यावर त्याचा चेहरा उजळला. मग तो हळूच म्हणाला, कुणी आहे का आसपास? कुणी नव्हतं.

"विनी, इथं भिंतीला काहीच नाही गं. सगळं गुळगुळीत. मी रोज हात फिरवतो आणि रोज चुकतो. परवा दुसऱ्याच्या खोलीत जाऊन बसलो, ती बाई किंचाळली. माझं घरी जायचं कधी ठरलंय, थोरा सांगत नाही. तुला माहीत असेल. तू समितीत आहेस."

मी म्हटलं, लवकरच. सिरिलला दिसत नाही याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बावीसच्या बावीस वह्या बाजाराच्या चाकाच्या पिशवीत घातल्या आणि बसनं लीड्सला नेऊन मलिकबाईंच्या टेबलावर ठेवल्या. अकराव्या वहीचं पान मी स्वतः उघडून दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, याचं कारण जबाबात सांगाल का? सांगितलं. मुरंबा, बक्षीस, पितळी पाटी, सगळं. त्या लिहून घेत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. खाली सही करताना मला वाटलं की त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

विमा कंपनीला जबाब आणि वह्यांच्या प्रती गेल्या त्याला दहा दिवसही झाले नसतील. कंपनीचं पत्र आलं: कसलीही जबाबदारी मान्य न करता, केवळ सद्भावनेनं, मिस गार्साइड यांचा दावा तडजोडीनं मिटवण्यास आम्ही तयार आहोत. बावीस वर्षं ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या बाजूनं न्यायाधीशासमोर उभं राहायचं म्हणजे कंपनीचंच हसं झालं असतं. सकाळ-संध्याकाळ माणूस ठेवता येईल एवढी सोय झाली. सिरिल घरी आला. हॉल बंदबिंद काही पडला नाही. एका सुतारानं सकाळी दहाला सुरू करून दुपारच्या चहापर्यंत पायरीच्या जागी उतार करून टाकला. मॅजची तेवढी चांगलीच अडचण झाली. ती बुधवारी अजून त्या दारात उभी असते, पण आता काय म्हणावं ते तिला सुचत नाही.

मला समितीतून काढलं नाही, आमच्याकडे कुणाला काढत नाहीत. क्लिफर्डनी सभेत माझ्या दीर्घ सेवेचे आभार मानले, मी राजीनामा दिला नव्हता तरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोराची अजून कुणी एका शब्दानं माफी मागितली नव्हती. जबाबात काय आहे ते तिच्या वकीलबाईंनी तिला सांगितलं असणार, हे मला माहीत होतं. तरी माझ्या तोंडून जावं म्हणून एका शनिवारी मी तिच्याकडे गेले. सिरिल बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता, दोन्ही गाल गुळगुळीत. आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. कार्डासारखा घोळ घालायचा नाही असं ठरवून आले होते, म्हणून बसल्याबसल्या बोलून टाकलं.

"थोरा, चूक माझी होती. हॅरल्ड उतार करून देत होता, मी होऊ दिला नाही. मुरंब्याच्या बक्षिसापायी. तुझा खांदा माझ्यामुळे गेला, आणि सिरिल तिथं राहिला तोही शेवटचे पाच आठवडे माझ्यामुळे. मी वह्या दाबून बसले होते."

तिनं टेबलावरचा चुरा गोळा केला. मग म्हणाली, "मुरंब्याचं कारण सगळ्या सभेला माहीत होतं, विनी. तुझं तोंड बघूनच कळत होतं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? तू चिडली असतीस." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "मतं मोजली तेव्हा हॅरल्डकडे जास्त होती आधी. तू वहीतून मान वर काढून माझ्याकडे बघितलंस. मला पायरी काढायला हवी होती. सिरिलला बुधवारी घेऊन येता आलं असतं, भिंत धरून तो माझ्यामागे स्वयंपाकघरात येणार आणि पडणार, म्हणून तर आणत नव्हते. तरी मी तुझ्यासाठी हात वर केला, आणि माझा बघून मागच्या रांगेतल्या बायकांनी केले."

"तू?"

"हाच हात," थोरा म्हणाली, आणि दाखवायला तो उचलला. टेबलापासून वीतभर वर आला आणि तिथंच थांबला.